‘बाबासाहेबांनी एवढं सोसलं, तुला काय झालं?’

हे वाक्य आपल्या घराघरांत बोललं जातं. गारखेड्यात खोली करून राहणारा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पोरगा महिनोन्‌महिने धड झोपत नाही, गावाकडचे फोन उचलत नाही. शेवटी धीर करून सांगतो, जगावंसं वाटत नाही. त्यावर बाप, मामा, कधी चळवळीतला कार्यकर्ताही हेच उत्तर देतो. आमचं स्पष्ट म्हणणं आहे, हे बाबासाहेबांच्या नावाने पोराचं तोंड दाबणं आहे.

१९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेबांनी आपलं दुःख दत्तोबा पवारांना पत्र लिहून उघड केलं. मन मोकळं करायला मित्र लागतो, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आपल्या पोरांनीच दगड का व्हायचं?

दुसरीकडे कॉलेजवाले. त्यांचं ठरलेलं उत्तर, ‘मुलगा मनाने कमकुवत होता.’ फेलोशिप थांबली, वसतिगृहातून बाहेर काढलं, १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जातीचा शब्द न उच्चारता होणारं समुपदेशन म्हणजे पोराला छळ सोसायला शिकवणं. पण जात खरी आहे म्हणून आजार खोटा ठरत नाही. लढा हवा आणि गोळीही हवी. (२२ प्रतिज्ञा घेतलेल्या काही घरांत आजही आधी अंगारा लावतात, डॉक्टर नंतर. हे कधी बोलणार?)

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला सुकदेब साहा प्रकरणात सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. कोचिंग क्लासही यात आले. हेल्पलाइनचे नंबर मोठ्या अक्षरांत लावायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायचं. आपल्या क्लासमध्ये, वसतिगृहात यातलं काय आहे, हे लेखी विचारा. निवेदन द्यायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

‘पोलीस केस होईल’ म्हणून घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं काम आहे.

एखादा मित्र अबोल झाला, सामान वाटून टाकू लागला, तर थेट विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट त्याला बोलता येतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात. जिवाला लगेच धोका वाटला तर ११२. घाटीत मानसोपचाराची ओपीडी आहे, पण खचलेला पोरगा तिथे एकटा केसपेपर काढून रांगेत उभा राहणार नाही. प्रत्येक विहारातून सोबत जाणारी दोन माणसं ठरवा आणि त्यांचे नंबर वंदनेनंतर सांगा, येत्या रविवारपासूनच.