समुद्रावरची साय

दूध तापवून निवत ठेवलें म्हणजे त्यावर साय धरते, हें गृहिणींस सांगावयास नको. साय पातळ असतांना हलकेच फुंकर घालून पाहावी. ती सरकते, एका बाजूस तिला चुण्या पडतात, दुसरीकडे ती फाटून खालचें दूध दिसूं लागतें. तीच साय जाड झाली कीं फुंकरीस दाद देत नाहीं. कांदिवलीच्या स्वयंपाकघरांतील ही नित्याची गोष्ट उत्तर ध्रुवाच्या समुद्रावर आज फार मोठ्या प्रमाणावर घडत आहे.

समुद्राचें खारें पाणी उणे १.८ अंशांच्या सुमारास गोठतें. त्या बर्फास वारा व प्रवाह ढकलतात. ताण पडला कीं त्यास भेगा पडतात. दाब पडला कीं तुकडे एकमेकांवर चढून बांध उभे राहतात. नॉर्वेच्या नान्सेननें १८९३ सालीं ‘फ्राम’ जहाज मुद्दाम या बर्फांत अडकवून घेतलें. तें सुटण्यास जवळजवळ ३ वर्षें लागलीं. २००६ सालीं ‘तारा’ ही फ्रेंच नौका साधारण त्याच वाटेनें निघाली, ती सुमारें १६ महिन्यांत बाहेर पडली. १९७९ नंतरच्या नोंदीही हेंच सांगतात. वाऱ्याचा जोर तितका वाढलेला नाहीं. साय पातळ झाली आहे. फाटल्या जागीं काळें पाणी उघडें पडतें, तें उन्हाळ्यांत ऊन शोषतें आणि भोंवतालचा बर्फ अधिकच वितळवितें.

‘आम्हांस त्याचें काय?’ असें कोणी विचारील. पेल्यांतील बर्फ वितळून पेला भरून वाहात नाहीं. तद्वतच तरंगत्या बर्फानें चारकोपपलीकडील खाडी चढावयाची नाहीं. ती चढविणारा बर्फ जमिनीवरचा. पण पावसाची गोष्ट निराळी. गोव्यांत वास्को येथें राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. उत्तर ध्रुव प्रदेशांतील ‘हिमाद्री’ हें भारताचें ठाणें २००८ पासून त्याच्याच देखरेखीखालीं चालतें. या केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं असें मांडलें कीं, कारा समुद्रांत उन्हाळ्यांतील बर्फ घटणें आणि आपल्याकडे सप्टेंबरांत अतिवृष्टि होणें, यांचा संबंध असणें संभवनीय आहे. संबंध संभवनीय म्हणूनच समजावा. परंतु सप्टेंबर म्हणजे पीक हाताशीं येण्याचे दिवस, हें विसरूं नये.

दुधावरची साय काढली तरी पुन्हां धरते. ध्रुवावरील जाड साय धरण्यास मात्र कित्येक हिवाळे लागतात, आणि तोंवर खालची चूल मंद असावी लागते. ती चूल आपण माणसांनींच पेटविली आहे.