बोलून झालं, ऐकणार कोण?

‘द फार्दस्ट’ ही एमर रेनल्ड्सची २०१७ची डॉक्युमेंटरी मी तीनदा पाहिली. पहिल्या दोन वेळा रडलो. तिसऱ्यांदा चिडलो.

फिल्म आहे व्हॉयेजर यानांवर. १९७७ साली दोन यानं सुटली, आणि दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी होती, सुईसकट. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार, दीड तास संगीत आणि शंभरावर चित्रं. त्या नमस्कारांत मराठीही आहे. संगीतात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्यामुळे दर २७ फेब्रुवारीला ‘आपली मराठी अंतराळात’ असा फॉरवर्ड फिरतो. मीही तो फॅमिली ग्रुपवर टाकलाय, खोटं कशाला बोलू?

पण या तबकडीला ‘परग्रहवासीयांशी संपर्क’ म्हणणं आता पुरे. व्हॉयेजर १ दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या ‘जवळून’ जाईल ते साधारण ४०,००० वर्षांनी, आणि तेव्हाही ग्लीझ ४४५ हा तारा १.६ प्रकाशवर्षं लांब असेल. एवढ्या अंतरावरून ते बंद पडलेलं यान कुणाला दिसणार आहे?

१९७४चा अरेसिबो संदेश घ्या. १,६७९ बिट्स, तीन मिनिटांपेक्षाही कमी वेळात, एम१३ या तारकागुच्छाच्या दिशेनं पाठवले. तो गुच्छ सुमारे २५,००० प्रकाशवर्षं दूर. प्रसंग काय, तर दुर्बिणीचं नूतनीकरण झाल्याचा समारंभ! संदेश एकदाच पाठवला आणि पाहुणे घरी गेले. माझ्या कामात कुणी उत्तराची सोय न करता असा एकच मेसेज पाठवला आणि ‘कनेक्शन झालं’ म्हणाला, तर त्याचा कोड मी रिव्ह्यूमध्येच परत पाठवीन.

आता ऐकण्याचं काय झालं ते बघा. १९६० साली फ्रँक ड्रेकनं ग्रीन बँकच्या दुर्बिणीतून दोन ताऱ्यांकडे कान लावला. नासानं स्वतःचा मोठा शोध सुरू केला तो १९९२च्या ऑक्टोबरमध्ये. वर्षाला सुमारे १.२ कोटी डॉलर, म्हणजे नासाच्या बजेटच्या ०.१ टक्काही नाही. सेनेटर रिचर्ड ब्रायन यांनी पुढाकार घेतला आणि वर्षभरात अमेरिकन काँग्रेसनं तो बंद पाडला. तबकडी पाठवली म्हणून आपण अजून डोळे पुसतो. हा शोध बंद पडला त्याचं दुःख किती जणांना झालं?

कुणी म्हणेल, तबकडी परग्रहवासीयांसाठी नव्हतीच, ती आपल्यासाठीच होती. मान्य. मग तिला आपला फोटो म्हणा. तोही निवडून काढलेला, कारण युद्ध आणि उपासमार त्यातून मुद्दाम वगळली होती. प्रोफाइल पिक्चरला संवाद म्हणू नका.

फिल्ममध्ये मला खरा वाटतो तो इंजिनियरांचा भाग. उड्डाणाच्या आधी ऐनवेळी त्यांनी केबल्सना स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळली. फिल्मनंतरची गोष्ट तर त्याहून भारी. २०२३च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर १ निरर्थक डेटा पाठवू लागलं. अंतर सुमारे २४०० कोटी किलोमीटर. कमांड पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला पुन्हा तेवढेच. मेमरीतली एक चिप गेली होती. टीमनं तिथला कोड तुकड्यातुकड्यानं दुसरीकडे हलवला, आणि २०२४च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा समजेल असं बोललं. आमच्याकडे बिल्डला दहा मिनिटं लागली तर लोक चहाला जातात. हे लोक दर प्रश्नाला ४५ तास थांबत होते. मी संपर्क म्हणतो तो याला.

आणि अभिमानच हवा असेल तर नारायणगावजवळच्या खोडदला जा. तिथं जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्या काही पाठवत नाहीत, फक्त ऐकतात. २०१६च्या ऑक्टोबरात मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा क्षीण सिग्नल त्यांनी पकडला होता. ही बातमी तुमच्या कुठल्या ग्रुपवर आली होती? माझ्या एकाही नाही.

व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ला. त्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. मी तो फॉरवर्ड टाकला तेव्हा त्यांची ती भैरवी मी पूर्ण ऐकलेलीसुद्धा नव्हती. ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. पुढच्या २७ फेब्रुवारीला बोट फॉरवर्डवर जाण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत ऐका. आपल्याच माणसाचं तेवढंही ऐकायला जमत नसेल, तर दुसऱ्या ताऱ्यावरून कुणी हाक मारली तरी ती आपल्याला काय ऐकू येणार?