यंत्र विकत मिळते, विभाग घडवावा लागतो

रुग्णालयात नवे सीटी स्कॅन यंत्र आले, की फीत कापली जाते, छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि परिसराची मोठी सोय झाल्याचे समाधान सर्वांना लाभते. त्यात गैर काहीच नाही. परंतु त्या यंत्राने टिपलेले चित्र कोण वाचतो, किती वेळात वाचतो आणि त्या वाचनाची जबाबदारी कोण स्वीकारतो, हे प्रश्न समारंभानंतर फारसे कोणी विचारीत नाही. रुग्णाचे प्राण मात्र नेमके याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतात.

पनवेल परिसराच्या दृष्टीने हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, तर गोव्याकडे जाणारा महामार्ग पळस्प्याहून दक्षिणेकडे वळतो. तळोज्याची औद्योगिक वसाहत, उरणच्या बंदराकडे जाणारी अवजड वाहतूक आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला विमानतळ यांमुळे येथील वर्दळ सतत वाढते आहे. जवळच डोंगराच्या कुशीत आदिवासी वाड्याही आहेत. कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. अपघातग्रस्त कामगार असो वा दम्याने बेजार झालेली वाडीवरची वृद्धा, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात आलेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण कधी ना कधी क्ष-किरणशास्त्र विभागाच्या दारातून जातोच.

अशा रुग्णालयातील विभागप्रमुखाच्या खांद्यावर दुहेरी कर्तव्य असते. आजच्या रुग्णाचे निदान अचूक व वेळेत झाले पाहिजे आणि उद्याचा तज्ज्ञही याच विभागात घडला पाहिजे. या दोहोंचा खरा कस लागतो तो रात्री. महामार्गावरील अपघातानंतर बोलता-चालता आलेल्या रुग्णाच्या कवटीत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साचत असू शकते. ते वेळीच ओळखले, तर शस्त्रक्रियेने तो पूर्ण बरा होऊ शकतो. नजरेतून सुटले, तर काही तासांत दगावू शकतो. रात्री दोन वाजता ते चित्र पाहणारा बहुधा तीन वर्षांच्या एम.डी. अभ्यासक्रमातील एक तरुण निवासी डॉक्टर असतो. त्याच्या पाठीशी कोण उभे आहे?

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो. चित्रे संगणकावरून दूरच्या केंद्राकडे धाडावीत आणि अहवाल मागवून घ्यावा. जेथे तज्ज्ञच नाही, अशा तालुक्याच्या ठिकाणी ही सोय वरदानच होय. परंतु शिकविणाऱ्या रुग्णालयाने तिचीच सवय लावून घेतली, तर निवासी डॉक्टरला निर्णय घेण्याची संधी कधी मिळणार? जो रात्री विचार करण्यास शिकला नाही, तो तज्ज्ञ झाल्यावर दिवसाही चाचपडेल. याउलट, त्याला एकट्याला सोडून देणे म्हणजे त्याच्या शिक्षणाची किंमत रुग्णाकडून वसूल करणे होय.

मार्ग या दोहोंच्या मधला आहे. शंका येताच वरिष्ठाला उठविण्याची मुभा असावी आणि त्याबद्दल कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. रात्रीचा प्रत्येक अहवाल सकाळी वरिष्ठाने त्याच निवासी डॉक्टरला शेजारी बसवून पुन्हा पाहावा. फरक आढळला, तर प्रथम संबंधित वॉर्डला कळवावे, मग त्याची नोंद करावी. ती नोंद शिकण्यासाठी असावी, शिक्षेसाठी नव्हे. यासाठी वरिष्ठांचा वेळ लागतो. दिवसाला किती तपासण्या झाल्या यावरच विभागाचे मोल ठरविणाऱ्या व्यवस्थापनाला तो वेळ वाया गेलेला वाटतो. यंत्रांची किंमत आणि देखभालीचा खर्च मोठा असतो, ही व्यवस्थापनाची अडचण खोटी नाही. तथापि चुकलेल्या निदानाचा खर्च ताळेबंदात दिसत नाही, तो एखाद्या कुटुंबाला आयुष्यभर सोसावा लागतो.

विभागाची शिस्त हा दुसरा आधार. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेला रुग्णाचा एक तरुण नातेवाईक यंत्राकडे ओढला जाऊन मृत्युमुखी पडला. तपासणी चालू नसली, तरी या यंत्राचे चुंबकत्व कायम असते, ही साधी गोष्ट दारावरच्या शिपायापासून सर्वांना पाठ असली पाहिजे. किरणोत्साराचेही तसेच. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. ती पाळली जाते की नाही, हे छातीवर लावलेला बॅज सांगतो; पण तो बॅज खुंटीला टांगून ठेवला, तर काय सांगणार?

आणि तिसरा आधार चारित्र्याचा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातील पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे राज्यातील मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. सोनोग्राफीचे यंत्र निर्दोष होते. दोष ते चालविणाऱ्या काही हातांत आणि विचारणाऱ्या घरांत होता. ‘एफ’ फॉर्म काटेकोरपणे कसा भरावा, हे निवासी डॉक्टरला शिकविता येते. परंतु ओळखीच्या माणसाने हळूच विचारलेल्या प्रश्नाला ठाम नकार कसा द्यावा, हे तो आपल्या वरिष्ठाच्या वागण्यातूनच शिकतो.

या कामात समाजाचाही वाटा आहे. जुन्या तपासण्यांची चित्रे जपून ठेवणे, तुलनेसाठी ती सोबत नेणे, डॉक्टरांनी सांगितलेले नसताना सीटी स्कॅनचा हट्ट न धरणे आणि अंतिम अहवालावर तज्ज्ञाची स्वाक्षरी आहे ना हे पाहणे, एवढे तर प्रत्येक कुटुंबाला सहज शक्य आहे. यंत्रासाठी देणगी देणाऱ्यांनी तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचा आणि देखभालीचाही विचार करावा. यंत्र काही वर्षांत जुने होते, मोडीत निघते. त्याच विभागात जबाबदारीने पाहण्यास शिकलेला तरुण पुढे तीस-पस्तीस वर्षे कोकणातील एखाद्या गावाचा आधार बनतो. ही गुंतवणूक अधिक टिकाऊ नाही काय?