यंत्र आणि त्यामागचा हात

गर्भवतीची सोनोग्राफी करणारी व्यक्ती त्या कामात खरोखर शिकलेली आहे का, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेत सोनोग्राफर हा डॉक्टर नसलेला, पण स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ असतो. त्याच्यासाठी तेथे १९७५ पासून परीक्षा व नोंदणीची व्यवस्था आहे. भारतात मात्र गर्भवतीची सोनोग्राफी पात्र डॉक्टरनेच करावी, असा कायद्याचा दंडक आहे.

या कठोरपणामागे कटू इतिहास आहे. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे राज्यातील मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ वर घसरली. घरोघरी देवीचे घट बसविणाऱ्या समाजाने मान खाली घालावी, असेच हे आकडे आहेत. यंत्र कोणाच्याही हाती जाऊ नये, हा आग्रह म्हणूनच रास्त ठरतो.

परंतु वैद्यकीय पदवी मिळाली म्हणजे पडद्यावरील प्रतिमा वाचता येते, असे नाही. त्यासाठीच २०१४ च्या नियमांनी एम.बी.बी.एस. डॉक्टरांना सहा महिन्यांचे, ३०० तासांचे प्रशिक्षण व त्यानंतरची परीक्षा नेमून दिली. त्यावर वाद झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही सक्ती रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या निर्णयास स्थगिती दिली.

न्यायालयीन वादात एका गोष्टीचा विसर पडू नये. चोविसाव्या आठवड्यापूर्वी प्रत्येक गर्भवतीची एक सोनोग्राफी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. तज्ज्ञ मात्र शहरांत एकवटलेले. दुर्गम पाड्यावरील भगिनीने त्यासाठी रोजगार बुडवून जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे, आणि तेथेही अर्धशिक्षित हाताकडून चुकीचे निदान पदरी घ्यायचे काय?

टंचाईच्या नावाखाली कायदा सैल करणे हा यावरचा उपाय नव्हे. ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांना प्रशिक्षणात अग्रक्रम द्यावा, जिल्हा रुग्णालयांत त्यांच्याकडून अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष तपासण्या करून घ्याव्यात आणि परीक्षा केवळ कागदोपत्री उरकू नये. समाजानेही सजग राहावे. डॉक्टरांची पात्रता विचारण्यात संकोच कसला? आणि गर्भाचे लिंग विचारणाऱ्या आप्ताला आपल्याच घरात ठामपणे नकार देण्यासाठी तर कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही.