घुंगरांची उधारी

गेल्या दिवाळीत माळा आवरताना एका जुन्या पितळी डब्यात माझे घुंगरू सापडले. दोरी कुजली होती. नाद मात्र शाबूत होता. विवाहापूर्वी नऊ वर्षे मी भरतनाट्यम् शिकले होते. अरंगेत्रम्, म्हणजे रंगमंचावरील पहिले संपूर्ण सादरीकरण, तेवढे राहून गेले. कोणी मना केले नव्हते. कापडाची पेढी, पाहुणे, मुलांच्या परीक्षा यांत मीच ते ‘पुढच्या वर्षी’च्या खात्यावर टाकत गेले, आणि पाहता पाहता २४ वर्षे उलटली.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर, तागे ठेवण्याच्या खोलीत, मी पुन्हा अर्धमंडलात उभी राहिले. दहाव्या मिनिटाला गुडघ्यांनी तक्रार मांडली. परंतु ‘तट्ट अडवू’ डोक्याने विसरला होता, पायांनी नव्हे. दाराआडून डोकावणारी घरची मुले चार दिवसांत आत आली, त्यांच्यामागून गल्लीतली. सुटी लागेतो ती अकरा झाली. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपायची, म्हणून वेळ चारची ठरली.

‘‘आपल्या घरात नाच?’’ सासऱ्यांनी विचारले. सासूबाईंनी हातातली माळ न थांबवता उत्तर दिले, ‘‘राजप्रश्नीय सूत्रात सूर्याभदेवाने भगवंतांसमोर ३२ प्रकारची नाट्ये केली, ती कोणाच्या घरची होती?’’ विषय तेथेच मिटला.

चूक पुढे झाली, आणि ती सर्वस्वी माझी. समाजाच्या सभागृहात मुलांनी ‘अलारिप्पु’ सादर करावे, असे मी ठरवून टाकले. माझ्या गुरूंनी मला शिकवले होते, तेच. वेशभूषा ठरली, केशरचनाही. एका चिमुरडीला मान नीट फिरेना म्हणून मी तीनदा रडवले. तेव्हा माझी दहा वर्षांची पुतणी शांतपणे म्हणाली, ‘‘काकू, हे तुमचं राहिलेलं आहे ना? मग तुम्हीच करा ना.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्वतःची जुनी उधारी मी अकरा मुलांकडून वसूल करीत होते.

दुसऱ्या दिवशी मी केवळ ‘पताक’ हस्त दाखवला: बोटे सरळ, जुळलेली, अंगठा वाकवलेला. ‘अभिनयदर्पण’ ग्रंथात या एकाच हाताने मेघ, अरण्य, रात्र, नदी, नकार, उघडणारे दार असे कितीतरी दाखवायला सांगितले आहे. मुद्रा तीच राहते. हालचाल आणि दृष्टी बदलते. मुलांना विचारले, ‘‘आपल्या दुकानात हा हात काय काय होईल?’’ मीटरपट्टी, शटर, आणि ‘उधार बंद’ची पाटी! ‘कर्तरीमुख’ म्हणजे कात्रीचे तोंड, हे कळताच तर खोलीभर कापड फाडणे सुरू झाले.

गोष्ट त्यांनीच रचली. न खपणारा एक निळा तागा रात्री दुकान बंद झाल्यावर उलगडतो आणि नदी होतो. बोलताना अडखळणारा, म्हणून कोणाशी फारसे न बोलणारा एक मुलगा नदी झाला. तिसऱ्या काळात, एका मात्रेत चार पदाघात, तोच सर्वांत अचूक पडतो. ‘‘भरतनाट्यम् मराठीत कसं चालेल?’’ या शंकेवर मी त्यांना तंजावरच्या सरफोजी राजांची हकिकत सांगितली. १७९८ ते १८३२ या राजवटीत त्यांनी नृत्यासाठी मराठी निरूपणे रचली, आणि मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी ती विसाव्या शतकात पुन्हा रंगमंचावर आणली. मग दुकानातलेच शब्द तालात बसू लागले. काही ओळी वेड्यावाकड्या आहेत. त्या मी सुधारल्या नाहीत. हात शिवशिवले, हे कबूल करते.

सभागृह रद्द झाले. प्रयोग वरच्या खोलीतच, ताग्यांच्या मधोमध झाला. मला शटरची भूमिका मिळाली होती: आरंभी वर, शेवटी खाली. ‘अलारिप्पु’ मी आता पहाटे एकटी करते.

तालमीच्या वेळी सासऱ्यांनी खरोखरचा निळा तागा स्वतः काढून दिला, १२ मीटर. बिलावर मात्र माझे नाव घातले.