जोडसुट्ट्या, खासगी नौका आणि मुंबईचा धक्का

जोडून सुट्टी आली की गोवा आणि मुंबई यांच्यातील अंतर वाढते, असे म्हणण्याची वेळ आली आहे. कोकण रेल्वेचे आरक्षण बहुधा आधीच भरलेले असते, विमानाचे भाडे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते आणि चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडलेल्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर वाहनांच्या रांगा लागतात. अशा वेळी ज्यांच्याकडे स्वतःची नौका आहे किंवा ती भाड्याने घेण्याची ऐपत आहे, त्यांना समुद्रमार्गे मुंबई गाठण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. गोव्याच्या नद्यांत खासगी नौका आता नवलाईची राहिलेली नाही. त्यामुळे हा विषय केवळ धनिकांच्या हौसेचा म्हणून सोडून देता येणार नाही. किनाऱ्यावरील सुरक्षा, मच्छीमारांचे हक्क आणि सामान्य प्रवाशांची बंद पडलेली समुद्रवाट हे तिन्ही प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

आधी गणित पाहू. पणजी ते मुंबई हे सागरी अंतर सुमारे २१५ सागरी मैल, म्हणजे जवळपास ४०० किलोमीटर आहे. ताशी आठ मैलांच्या गतीने जाणाऱ्या नौकेला सुमारे २७ तास लागतात. जाऊन-येऊन ५४ तास झाले की तीन दिवसांच्या सुट्टीतील जेमतेम १८ तास मुंबईसाठी उरतात. वेगवान नौका हाच पल्ला दहा-बारा तासांत पार करते, परंतु वेग दुप्पट केला की इंधनाचा खर्च दुपटीहून कितीतरी अधिक वाढतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून वारा वाहतो. तो मुंबईकडे निघालेल्या नौकेच्या तोंडावर येतो. म्हणून जाणकार तांडेल पहाटेच्या मतलई वाऱ्यावर मजल मारून दुपारी देवगड, विजयदुर्ग किंवा जयगडच्या आश्रयाला थांबणे पसंत करतात. रात्री मासेमारीची जाळी आणि दिवे नसलेल्या होड्या यांचा धोका असतो. पंख्यात जाळे अडकले तर नौका बंद पडते आणि मच्छीमाराचे होणारे नुकसान वेगळेच. पावसाळ्यात तर या प्रवासाचा विचारही करू नये.

मुंबईत पोहोचल्यावर खरी अडचण सुरू होते. एवढ्या मोठ्या बंदराच्या शहरात बाहेरगावच्या खासगी नौकेने हक्काने येऊन लागावे, असा सोयीचा सार्वजनिक मरिना उभा राहिलेला नाही. गेटवे ऑफ इंडियासमोर नौका बोयाला बांधायची आणि छोट्या डिंगीतून पायऱ्यांपर्यंत यायचे, अशी तेथील रीत आहे. गोव्यात भरती-ओहोटीतील फरक सुमारे दोन मीटर, तर मुंबईत उधाणाच्या दिवसांत तो चार ते पाच मीटरपर्यंत जातो. ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या पायऱ्यांवर वृद्धांना आणि मुलांना उतरवणे किती जिकिरीचे असते, हे अनुभव घेतलेल्यांनाच कळेल. याच पाण्यातून नौदलाच्या नौका, मालवाहू जहाजे, घारापुरी व मांडव्याच्या लाँच आणि मच्छीमारांच्या होड्या ये-जा करतात.

या गर्दीची किंमत १८ डिसेंबर २०२४ रोजी दिसली. इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये गोव्यातीलही होते. या बोटीला ८४ प्रवाशांची परवानगी असताना शंभराहून अधिक जण तिच्यावर होते, आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर अवघ्या आठवड्यात, नाताळच्या दिवशी, कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एकाचा बळी गेला. १७ जुलै १९४७ रोजी गटारी अमावास्येच्या निमित्ताने रेवसकडे निघालेल्या प्रवाशांनी भरलेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक लोक दगावले होते. सुट्टी, गर्दी आणि समुद्राविषयीचा निष्काळजीपणा यांचे नाते असे जुने आहे.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. २६ नोव्हेंबर २००८ चे दहशतवादी समुद्रमार्गेच मुंबईत उतरले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला रायफली असलेली एक निर्मनुष्य यॉट लागली, तेव्हा सारी यंत्रणा हादरली. इंजिन बिघडल्याने ती ओमाननजीक सोडून देण्यात आली होती आणि वाहत येथवर आली, असे नंतर स्पष्ट झाले. अशा पार्श्वभूमीवर अनोळखी नौकेकडे संशयाने पाहिले जाणारच. त्यात कायद्याची गुंतागुंत आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालील नोंदणी देशभर ग्राह्य असली, तरी ती अंतर्गत जलमार्गांपुरती आहे. मांडवीत फिरण्याचा परवाना म्हणजे खुल्या समुद्रातून मुंबईला जाण्याची मुभा नव्हे. भाड्याने नौका घेणाऱ्यांनी हा फरक निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

यावर उपाय म्हणून मोठमोठ्या मरिनांचे आराखडे पुढे केले जातात. मात्र त्यांचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे नावशीच्या नियोजित मरिनाला मच्छीमारांनी निकराने विरोध केला, कारण त्या खाडीवर त्यांची चूल पेटते. मुंबईत रेडिओ क्लबजवळील २२९ कोटी रुपयांच्या जेटीला कुलाब्याचे रहिवासी न्यायालयात आव्हान देऊन बसले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटी घालून तिचा मार्ग मोकळा केला. दोन्ही ठिकाणी विरोधाचे मूळ एकच आहे. किनारा सर्वांचा असताना त्याचा आराखडा मोजक्या लोकांच्या सोयीने ठरतो, अशी भावना तेथे आहे.

खरे तर या किनाऱ्यावर एकेकाळी समुद्रवाट सर्वांची होती. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या आगबोटींतून चाकरमानी, विद्यार्थी, नाटकवाले, आंब्याच्या पेट्या सांभाळणारे व्यापारी मुंबई गाठत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती सेवा संपली. नव्वदच्या दशकातील वेगवान कॅटमरान काही वर्षेच टिकली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेली ‘आंग्रिया’ही पुढे थांबली. याउलट मार्च २०२० मध्ये सुरू झालेली मुंबई–मांडवा रो-रो सेवा टिकून आहे. रस्त्याने तीन-चार तास लागणारा प्रवास ती सुमारे तासाभरात घडवते. तेथे धक्का आणि लाटारोधक भिंत सरकारने बांधली, बोट खासगी कंपनीने चालवली. अंतर कमी असल्याचा लाभ तिला मिळतो हे खरे, तरीही पायाभूत सोय सरकारने उभारल्याशिवाय जलवाहतूक तग धरत नाही, हा धडा गोव्यालाही लागू आहे.

म्हणून मागणी माफक हवी. पणजी, वेंगुर्ले, विजयदुर्ग, रत्नागिरी येथे मच्छीमार व प्रवासी दोघांनाही वापरता येतील असे तरंगते धक्के उभारावेत. निघताना प्रवाशांची नावे, मार्ग आणि पोहोचण्याची वेळ एकाच खिडकीवर नोंदवण्याची सोय व्हावी, आणि ती नोंद बंदर कप्तान खाते, महाराष्ट्र सागरी मंडळ व तटरक्षक दलाला एकाच वेळी मिळावी. लाइफ जॅकेट अंगावर असल्याशिवाय दोर सोडू नये. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक प्रत्येक धक्क्यावर ठळक लिहावा. सुट्टीत मुंबईला नौकेने जाणाऱ्या मोजक्यांसाठी एवढे करावे का, असा प्रश्न विचारला जाईल. परंतु हीच व्यवस्था उद्या पुन्हा सुरू होणाऱ्या प्रवासी बोटीला आणि आज रोज समुद्रात जाणाऱ्या मच्छीमाराला उपयोगी पडणार आहे.