तारे आणि तारा

दिवाळीची अमावास्या घरच्या मंडळींना हवी दिव्यांसाठी; आकाशाचे फोटो काढणाऱ्या छांदिष्टाला ती हवी काळोखासाठी! पाऊस सरलेला, चंद्र रजेवर आणि रात्री दहाच्या सुमारास देवयानी दीर्घिका आकाशात उंच आलेली. वर्षातून अशा रात्री येतात मोजक्याच. त्यांतली एखादी वीतभर तारेपायी वाया जावी, याची हळहळ कोणाला वाटणार नाही?

घोटाळा होतो तो असा. दुर्बिणीवर असतो मुख्य कॅमेरा, ताऱ्यावर पहारा ठेवणारा छोटा कॅमेरा आणि दुर्बीण फिरवणारे यंत्र. या साऱ्यांच्या तारा यूएसबी हबमध्ये शिरतात व तेथून एकच तार संगणकाला जाते. पहारेकरी निसटला, की तारे लांबुळके उमटू लागतात. मुख्य कॅमेराच तुटला, तर चित्रच हातचे जाते.

तेव्हा वाचकहो, खरेदीला निघताना एवढे ध्यानात असू द्या. हब स्वतंत्र वीजजोडणीचा घ्यावा. संगणकाचा यूएसबी २.० पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअर वीज देतो, ३.० पोर्ट ९००. बिनजोडणीचा हब तेवढीच सर्वांत वाटतो. म्हणजे एका ताटात चार पाहुणे! दुर्बीण १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असेल, तर हबही १२ व्होल्टवर चालणारा पाहावा. माळरानावर अडॅप्टर लावायला भिंत कोठून आणणार?

तार आखूड नि जाड बरी. २.० ची पाच मीटरच्या आत ठेवावी, ३.० ची तीनच्या आत. तारेवरचा एडब्ल्यूजी आकडा जितका लहान, तितकी आतली तार जाड. २८ पेक्षा २४ सरस. मोबाइल चार्ज करायची तार मात्र उचलू नये. काहींत माहिती वाहणाऱ्या तारा मुळी नसतातच. तार लोंबकळत न ठेवता पट्ट्याने बांधावी, म्हणजे दुर्बीण वळताना पोर्टला हिसका बसणार नाही.

आणि सारे कॅमेरे एकदम लावून दोन-तीन तास घरीच चालवून पाहावे. महाग तेच टिकाऊ असे नव्हे; परीक्षेला उतरले ते आपले.

देवयानीचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे वाट तुडवीत आपल्या दारी येतो. शेवटच्या दोन हात तारेत त्याला अडवून ठेवणे, हे काही आपल्या पाहुणचाराला शोभत नाही!